आण्णा, फोनवरचं दुकान चालूच राहील

आण्णा, काल विट्यात तुमच्या शोकसभेत मी भांडले. फोटोला हार घालून झाला होता, दोघातिघांची भाषणं झाली होती, आणि मी माईकशिवाय भांडले. मागच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं असं नंतर कळलं. आज सगळीकडे हेच चालू असेल, की साताऱ्याची ती फौजीची पोरगी शोकसभेतसुद्धा गप्प बसली नाही. बोलू देत. मी मूग गिळून बसले असते तर तुम्हीच म्हणाला असतात, "आगं संगे, आजारी हाईस का काय?"

झालं असं. कराड, तासगाव, कडेगाव, सगळीकडचे शेतीअवजारांचे दुकानदार आले होते. तुमच्याबद्दल सगळे चांगलं बोलले, आणि खरंही बोलले. मग कराडचे जयसिंगराव उठले. तुम्ही असताना ज्यांना तुमच्यापुढे धड दोन वाक्यं बोलता आली नाहीत, ते काल फारच मोकळे झाले होते. म्हणाले, "आण्णांची शेवटची इच्छा एकच हुती. कारखानदारानं दुकानदाराच्या मागनं परस्पर माल इकू नये. आपल्यातल्याच एक कारखानदार हितं बसल्यात. संगीताताईंनी आत्ता, आण्णांच्या फोटोम्होरं जाहीर करावं, की सायकल कोळप्याची ऑनलाईन विक्री आजपासनं बंद. हीच खरी श्रद्धांजली."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. काकी पुढच्या रांगेत पदर घट्ट ओढून बसल्या होत्या, त्यांची तेवढी वळली नाही. मी उठले. म्हटलं, "आण्णांची शेवटची इच्छा मला माहीत नाही. माझ्याशी ते शेवटचं काय बोलले ते माहीत आहे. म्हणाले, संगे, तू चुकतियास. तोंडावर म्हणाले. पण बंद कर असं जन्मात कधी म्हणाले नाहीत. जिवंतपणी त्यांनी जे मागितलं नाही ते त्यांच्या फोटोच्या आडून मागू नका."

"मग आमालाबी तुमचा माल नको," जयसिंगराव म्हणाले.

"नको तर नको."

त्यानंतर कुणीतरी घाईघाईने दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. सगळे उभे राहिले. इतक्या रागात मी आयुष्यात कधी शांत उभी राहिलेली नाही.

खरं तर या भांडणातलं निम्मं तुमच्याशी होतं. ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात, म्हणून आज हे लिहायला बसले आहे. तुमची जन्मतारीख, तुम्ही दुकान कधी काढलं, कुठल्या सोसायटीवर होतात, हे सगळं पेपरात येऊन गेलं. त्यात कोळप्याचं नावसुद्धा नव्हतं.

बाबा फौजेतून सुटून आले आणि त्यांनी सातारच्या एमआयडीसीत ही शेड घेतली. फौजेत गाड्या दुरुस्त केलेला माणूस, लोखंड कळायचं, गिऱ्हाईक कळायचं नाही. पुढे सायकलचं चाक, मागे तण कापायचं पातं आणि ढकलायला लांब दांडा, असं कोळपं त्यांनी बनवलं आणि ते खांद्यावर टाकून बसने दुकानोदुकानी फिरले. सगळ्यांनी चहा पाजला आणि कोळपं परत दिलं. तुम्ही एकट्याने ठेवून घेतलंत. तुमची अख्खी गल्ली गलाईला गेलेली. कुणाचं सोनं गाळायचं दुकान मदुराईला, कुणाचं लुधियानाला, तुमचे सख्खे भाऊ कोइमतूरला. तुम्ही मात्र विट्यात राहून कुदळी-फावडी विकत बसलात. "सोनं गाळनारे लय हाईत, रान बघनारं कुनीतरी पायजे का नको," असं म्हणायचात. यात थोडी बढाई होती आणि बरंचसं खरं होतं.

कोळपं ठेवून घेताना तुम्ही बाबांना एकच गोष्ट विचारली. "फौजी, ह्ये चालवनार कोन?" बाबा म्हणाले, शेतकरी. तुम्ही हसलात. म्हणालात, "गडी तण भांगलायला जातोय व्हय कुठं? बाई चालवनार. तुमी दांडा तुमच्या उंचीनं केलाय. बाईच्या छातीत बसंल त्यो."

तेव्हापासून आमच्याकडून कोळपं लांब दांड्याचं यायचं, वरची आडवी मूठ सुटी यायची. दांडा कापायचा आणि मूठ बसवायची तुमच्या शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे, बाईच्या मापाने. आता मापाला बाई कुठून आणायची? दुकानात येणार नवरा. तुम्ही विचारायचात, "मालकीन केवढी हाय?" आणि प्रत्येक नवरा हात स्वतःच्या छातीपाशी धरायचा. एकही कमी नाही, जास्त नाही. सगळ्यांच्या बायका छातीएवढ्याच. त्या मापाने मूठ बसायची, आणि आठवड्याने तोच माणूस कोळपं घेऊन हजर, मान खाली घालून. "आण्णा, मूठ लय खाली आली. कमरंत वाकावं लागतंय तिला." मग तुम्ही त्याला दुकानभर माणसांसमोर विचारायचात, "लगीन होऊन किती वरसं झाली रं तुला?"

शेवटी तुम्ही नेम केला, की माप तोंडी घ्यायचं नाही, दोरी आणायची. बाईने सरळ उभं राहायचं, पायाच्या अंगठ्याखाली दोरीचं एक टोक धरायचं आणि बेंबीपाशी गाठ मारायची. मी शाळेत असताना बाबांबरोबर तुमच्या दुकानात आले होते, तेव्हा एक थोराड मिशीवाले गृहस्थ खिशातून ती दोरी अशी काढत होते, जशी काही चोरून आणली आहे. मला हसू आवरेना. तुम्ही डोळे वटारलेत, आणि ते गेल्यावर स्वतःच पोट धरून हसलात.

हे सगळं मला मान्य आहे, आण्णा. तुमच्यासारखा दुकानदार नव्हता हे मी काल सभेतही सांगितलं असतं, कुणी सांगू दिलं असतं तर. पण दोरी नवराच आणायचा ना? पैसे देणारा तो, कोळपं निवडणारा तो, बाकड्यावर बसून चहा पिणारा तो. जी बाई ते दिवसभर रानात ढकलणार, ती बाहेर पिशव्या सांभाळत उभी. तुम्ही तिची उंची विचारलीत, तिला कधी विचारलं नाहीत. हे मी तुम्हाला म्हटलं होतं तेव्हा तुम्ही चिडलात. "बाया दुकानात येत न्हाईत त्याला मी काय करू? मी काय आडवा झोपलोय दारात?" नव्हतात झोपलेले. पण बाकडं कुणासाठी होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं.

आणि दुसरी गोष्ट. बाबा गेले, वर्कशॉप माझ्याकडे आलं, आणि बाजारात आमच्या कोळप्याची नक्कल आली. पत्रा पातळ, पातं एका पावसाळ्यात झिजणारं, रंग मात्र हुबेहूब आमचाच. सगळ्या दुकानदारांनी ती पुढे लावली, कारण त्यात त्यांना जास्त पैसे सुटायचे. आमचं कोळपं आत, पोत्यांच्या मागे. तुमच्या दुकानात मी ती नक्कल बघितली तेव्हा मला वाटलं, माझे डोळे बिघडले. तुम्ही नजर चुकवली नाहीत, तेवढं तुमचं मानते. म्हणालात, "गिऱ्हाईक सस्तं मागतंय. मी काय दार लावून घिऊ?"

मी म्हटलं, "नका लावू. मग मीही माझं दार उघडते."

तिथून सुरुवात झाली. फोनवर दुकान काढलं, कोळप्याचे फोटो टाकले, माझा नंबर दिला. कुरिअरला आख्खं कोळपं जात नाही म्हणून दांड्याचे दोन तुकडे केले, भोकं पाडली, नट-बोल्ट दिले, म्हणजे खोक्यात मावेल आणि उंची ज्याची त्याला लावता येईल. तुम्हाला कळलं तसा फोन आला. "संगे, तुझ्या बापानं एका वेल्डिंगवर उभ्या केलेल्या वस्तूचा खुळखुळा केलास तू."

पण त्या खुळखुळ्यासाठी मला कुणाचे फोन यायला लागले ते सांगितलेलं तुम्ही कधी नीट ऐकून घेतलं नाहीत, म्हणून आता ऐका. मेढ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीतून एका बाईंचा फोन आला. उतारावरची तुकड्या-तुकड्यांची शेती, नाचणी आणि भुईमूग. मी विचारलं, उंची किती? म्हणाल्या, "आवं, ती कुनी मोजलीया? आमच्या म्हशीच्या पाठीला माजं कोपार टेकतंय, तेवढी." मी म्हटलं, म्हैस केवढी? म्हणाल्या, "ताई, म्हशीचं माप घिऊन सांगते," आणि खरंच संध्याकाळी घेऊन सांगितलं. मग हळूच म्हणाल्या, "दुकानात गेलं तर समदी ह्यांनाच इच्यारत्यात. मला पयल्यांदाच कुनीतरी इच्यारतंय, तुला कसं पायजे." त्या बाईंच्या गावात कुणा दुकानदाराचं कोळपं कधी पोचलंच नव्हतं, आण्णा. मी कुणाचं गिऱ्हाईक पळवलं तिथे? जयसिंगरावांना विचारा. म्हणजे, आता मीच विचारते.

तुम्ही मात्र ठरवून माझ्या मागे लागलात. एके दिवशी दुपारी शेडच्या दारात तुमची गाडी थांबली. डिकीतून माझंच खोकं निघालं. सूनबाईंच्या नावाने तुम्ही ते ऑनलाईन मागवलं होतंत. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुम्हाला सवय नव्हती. वर्कशॉपमधल्या पोरांना मशीन बंद करायला लावलीत, सगळ्यांसमोर खोकं फोडलंत, जमिनीवर मांडी घालून, चष्मा कपाळावर चढवून कोळपं जोडायला लागलात. जोडून झालं, उभं केलंत आणि ढकललंत. ते जागचं हलेना. दांडा उलटा बसला होता. माझी पोरं तोंड फिरवून हसायला लागली. तुम्ही घामाघूम होऊन उठलात, पण आवाज तसाच. "हसताय काय? म्या जलमभर हीच कोळपी इकली. मला उलटा बसला, तर रानातल्या एकाद्या पोरीला कसा सुलटा बसंल?"

 दुसऱ्या दिवसापासून दांड्याच्या खालच्या टोकाला लाल रंगाचा पट्टा मारायला सुरुवात केली, तसाच पट्टा चाकाच्या चौकटीवर. लालला लाल भिडवा, झालं. आजही तसाच जातो. त्याबद्दल मी तुम्हाला कधी धन्यवाद म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, मग आता बंद कर. म्हणून नाही म्हटलं. आता म्हणते, आणि बंद करत नाही.

मग तुम्ही स्मार्टफोन शिकलात. नातवंडांचे फोटो बघायला शिकलात असं काकी सगळ्यांना सांगतात. मला माहीत आहे कशासाठी शिकलात. माझ्या दुकानाच्या पानावर लोकांनी केलेल्या तक्रारी वाचायला. दर आठवड्याला फोन. "संगे, नांदेडच्या कुनीतरी एकच चांदनी दिलीया बघ तुला. म्हनतोय, चाक कुरकुर करतंय. ग्रीस भरलं न्हाईस व्हय?" ज्यांनी पाच चांदण्या दिल्या, त्यांचं तुम्ही एकदाही वाचून दाखवलं नाहीत. मी एकदा विचारलंही. म्हणालात, "ते वाचायला तू हाईस की." राग यायचा, आण्णा, आणि फोन ठेवल्यावर मी उठून ग्रीस बघायला जायचे. माझ्या मालावर एवढी बारीक नजर ठेवणारा पगारी माणूस मला मिळाला नसता.

सगळ्यात मोठं भांडण मात्र गलाईवाल्यांच्या आयांवरून झालं. कोइमतुरात, लुधियानात बसलेली विट्याकडची पोरं. त्यांना आईची दुखरी कंबर आठवायची, रात्री फोनवर बटन दाबायची, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आईच्या दारात खोकं. आता ती आई ते खोकं घेऊन कुणाकडे जाणार? तुमच्याकडे. "आण्णा, पोरानं धाडलंय, जोडून द्या की." तुम्ही जोडून द्यायचात. उंचीला लावून, नट आवळून, दुकानापुढच्या मोकळ्या जागेत चालवून दाखवून. एक पैसा घ्यायचा नाहीत. आणि ती म्हातारी वळणावर गेली की मला फोन. "इकायचं तू, आन् पान्हा धरायचा म्या. बरा धंदा हाय."

म्हणून मी विट्याला आले आणि म्हटलं, तुमच्याकडे जोडायला येणाऱ्या प्रत्येक खोक्यामागे मी तुम्हाला जोडणावळ देते. रीतसर, महिन्याच्या महिन्याला. मला वाटलं होतं, वाद मिटला. तुमचा चेहरा असा झाला की मी हातातला चहा खाली ठेवला. "म्या काय तुझा फिटर हाय?" तुम्ही म्हणालात. "दुकानदार हाय म्या. गिऱ्हाईक माझं हाय. तू माझं गिऱ्हाईक घिऊन मलाच त्याच्या नटाचं पैसं देतीस?"

मी तेव्हा म्हटलं होतं तेच आज म्हणते. गिऱ्हाईक तुमचंही नाही आणि माझंही नाही. ज्या बाईला रानात उभं राहायचंय, ती तिची स्वतःची आहे. तुम्ही तिला नट आवळून दिलात, ते दुकानदार म्हणून नाही, तुमचा स्वभाव म्हणून. आणि स्वभावाचे पैसे घ्यायला तुम्हाला लाज वाटली. पण सगळ्या दुकानदारांचा स्वभाव तसा नाही ना. तुम्ही जोडणावळ घेतली असतीत, तर कराड-तासगावच्यांनीही घेतली असती. म्हाताऱ्या माणसांची सोय लागली असती, दुकानांनाही काही मिळालं असतं. तुमच्या एका ताठ मानेपायी ते राहिलं. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. तुम्ही जिवंत असताना तोंडावर म्हटलं होतं, म्हणून आता लिहिण्यात मला चोरटं काही वाटत नाही.

तुमचंही एक बरोबर होतं, तेही लिहिते. एक पँटशर्टवाला गडी तुमच्या दुकानात आला, कोळपं हातात घेऊन बघितलं, चालवून बघितलं, तुमच्याकडून सगळी माहिती घेतली, चहा प्याला, आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून तेच कोळपं फोनवरून माझ्याकडे मागवलं, कारण तिथे थोडं स्वस्त होतं. तुम्ही त्या दिवशी फोनवर ओरडला नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणालात, "संगे, माजा चा पिऊन गेला त्यो." मी त्याच दिवशी ऑनलाईनचा भाव दुकानाच्या बरोबरीने केला, वर कुरिअरचा खर्च गिऱ्हाईकावर. माझी विक्री पडली. लोकांनी मला महागडी म्हटलं. तुम्हाला कळवलं तर म्हणालात, "त्ये बरं केलंस. पर तरीबी तू चुकतियासच." आण्णा, तुमच्याकडून माणसाला पुरतं शाबासकीचं वाक्य कधी मिळालंच नाही.

शेवटी आले तेव्हा तुम्ही पुढच्या खोलीत कॉटवर होतात, पाठीला दोन उशा. दम लागत होता. कोइमतूरहून तुमचा सुहास आला होता, काकांच्या गलाईच्या दुकानातून कायमचाच परत आला होता, तो मला दारातच म्हणाला, "ताई, फार बोलायला लावू नका." मी म्हटलं, मी कुठे लावते, तेच बोलतात. आणि तुम्ही बोललातच. श्वास घेत घेत म्हणालात, "समदी दुकानं बंद पडल्याव तुला कळंल. बाजारात मानूस बसलेला लागतोय, संगे. फोन काय सावली देतोय?" मी म्हटलं, "दुकानं माझ्यामुळे बंद पडत नाहीत, आण्णा. पातळ पत्र्याचं कोळपं पुढे लावल्यामुळे पडतात." तुम्ही डोळे मिटलेत. म्हणालात, "तू चुकतियास. चा घिऊन जा." मी चहा न घेता निघाले.

सगळे मला सांगतात, अगं, आता तुला त्याची टोचणी लागेल. नाही लागत. आपण नेहमी भांडूनच उठायचो. त्या दिवशी गळ्यात पडून रडले असते तर तुम्ही ओळखलं असतंत, की मी तुम्हाला मरणारा माणूस समजून वागवते आहे. तो अपमान मी केला नाही. मात्र तुम्ही शेवटी मनातून मला आशीर्वाद दिला, वरवर रागावलात पण आतून मान्य होतं, असलं गोड काहीही मी कुणाला सांगणार नाही. तुम्हाला मान्य नव्हतं. तुम्ही मला 'नाही' म्हणूनच गेलात, आणि ते 'नाही' मी तसंच ठेवणार आहे. जयसिंगरावांनाही त्याचा हुकूम करू देणार नाही, आणि मीही त्याची परवानगी करणार नाही.

आता आजचं ऐका. बोलल्याप्रमाणे त्यांनी केलं. दुपारी दोन टेम्पो शेडच्या दारात येऊन उभे राहिले. कराडची कोळपी, तासगावची कोळपी, सगळी परत. ड्रायव्हर बिचारे खाली मान घालून माल उतरवत होते. वर्कशॉपमधली पोरं एकमेकांकडे बघत होती. त्यांची घरं याच लोखंडावर चालतात, आण्णा, आणि माझंही. फोनवरच्या विक्रीवर सगळ्यांचे पगार अजून निघत नाहीत. हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तर तुम्ही शेवटपर्यंत माझा माल ठेवलात. मी पोरांना म्हटलं, भिंतीला नीट लावून ठेवा, पात्यांना तेल पुसा. 

मग सुहासचा फोन आला. म्हणाला, "ताई, दुकानदारांच्या संघटनेचा निरोप आलाय. आपल्या दुकानातली कोळपीपण परत करा म्हणतात. काय करू?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, सुहास, निदान तुझ्या वडिलांसाठी तरी ठेव. एवढं एक वाक्य. त्याने ठेवली असती. विट्याचं दुकान राहिलं असतं तर बाकीचे महिन्या-दोन महिन्यांत आपोआप परत आले असते. आणि मी ते वाक्य गिळलं, कारण काल मी जयसिंगरावांना नेमकं त्याबद्दलच झाडलं होतं. म्हटलं, "दुकान तुझं आहे. कोळपं विकलं जात असेल तर ठेव, नसेल तर पाठव. आण्णांचं नाव यात घालू नकोस. ना त्यांच्याकडून, ना माझ्याकडून."

 तो म्हणाला, "ठेवतो. पण माझी एक अट आहे. विटा भागातनं तुम्हाला फोनवर जी ऑर्डर येईल, ती माझ्या दुकानातनं गेली पाहिजे. गिऱ्हाईकाचा नंबर मला द्यायचा, माल मी पोचवणार, जोडून देणार, आणि विक्री माझ्या नावावर."

मी म्हटलं, नंबर देणार नाही. बायका विश्वासाने माझ्याशी बोलतात, त्यांचे नंबर मी दुकानदाराच्या हातात ठेवणार नाही. तो म्हणाला, मग मी माल पोचवू कसा, वाऱ्यावर? मी म्हटलं, तिला विचारून, ती हो म्हणाली तर. तो म्हणाला, तुम्हाला सगळं हातात पाहिजे, ताई, गिऱ्हाईक तुमचं आणि पान्हा मात्र आमचा. मी म्हटलं, आणि तुम्हा दुकानदारांना घाम न गाळता विक्री पाहिजे. त्याचा आवाज चढला. माझा तर चढलेलाच होता. वर्कशॉपमधल्या मशीन बंद झाल्या, पोरं दारात येऊन उभी राहिली. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुमचं चुकतंय हे," आणि मी फोन कट केला.

आण्णा, तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मी रडले नव्हते. घाटावर नाही, काल सभेत नाही, आज टेम्पो आले तेव्हाही नाही. फोन ठेवला आणि शेडच्या मागे जाऊन, पत्र्याला पाठ लावून, मोठ्याने रडले. पोरांनी ऐकलं असेल, ऐकू दे. मग नळावर तोंड धुतलं, आणि सुहासला परत फोन लावला, कारण माझा मुद्दा सांगायचा राहिला होता.